व्हीलचेअरवरच्या मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालायचंय. ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरण्याआधी कॉलेजांना काय काय विचारावं?

वाहक_बार्शी

नमस्कार मंडळी. मी इथं एरवी नुसता वाचक. एसटीत वाहक आहे, त्यामुळे लिहिण्यात काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

थोरली मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. बोर्डाला ७१ टक्के, सीईटीला ८३ पर्सेंटाइल. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पाय आणि उजवा हात. बाहेर व्हीलचेअर लागते, घरात भिंतीला धरून चार पावलं टाकते. बोलणं जरा जड आहे. ओळखीच्या माणसाला सगळं कळतं, नवीन माणसाला दोनदा विचारावं लागतं. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं ओळखपत्र) ६८ टक्के आहे, कायमस्वरूपी. आम्ही ओबीसी, नॉन-क्रीमी लेअर काढलेलं आहे.

सीईटीला लेखनिक आम्हीच शोधला. गल्लीतली अकरावी आर्ट्सची पोरगी, गुणी आहे, पण गणिताशी तिचा संबंध दहावीलाच संपलेला. संगणकावर उत्तर निवडायला अडचण नव्हती, अडचण रफ कामाची. आमची मुलगी पायऱ्या सांगायची आणि ती पोरगी इंटिग्रेशनचं चिन्ह काढायला शिकत होती. शेवटी मुलीने बरंचसं गणित डोक्यातच केलं. जादा वेळ मिळाला, तो सांगण्यातच गेला. असो, ते झालं.

आता कॉलेजं. दोन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी कारकुनाने मुलीकडे एकदाही न बघता मला सांगितलं, "कशाला त्रास देता तिला, मुक्त विद्यापीठातून बीए करू द्या घरबसल्या." दुसऱ्या ठिकाणी प्राचार्य फार गोड बोलले. "सगळं करू, तुम्ही निर्धास्त राहा." लिफ्ट आहे, पण तिच्यावर लिहिलंय फक्त स्टाफसाठी. अपंगांचं स्वच्छतागृह आहे, त्याला कुलूप. किल्ली ज्या शिपायाकडे तो त्या दिवशी रजेवर.

त्यात एका सेंटरवर कागद तपासताना सांगितलं की यूडीआयडी कार्ड चालणार नाही, नमुन्यातलं प्रमाणपत्र आणा.

माझं विचारणं असं. ओबीसीतून भरायचं का दिव्यांगमधून? एक धरलं तर दुसरं जातं का? कागदाचं नक्की काय? आणि मुख्य म्हणजे, कॉलेज खरंच जमण्यासारखं आहे का हे आधी कसं ओळखायचं? पहिल्या फेरीत पहिलं कॉलेज लागलं की जागा पक्की होते म्हणतात. तिकीट फाडल्यावर गाडी चुकीची निघाली असं व्हायला नको.

---

तिसरी_ओळ

काका, मी पुण्यात बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लो व्हिजन, ७५ टक्के. माझ्या अनुभवातलं सांगतो, आरक्षणाचं दुसरं कुणीतरी नीट सांगेल.

फॉर्म मोबाइलवर भरू नका. मी पहिल्यांदा मोबाइलवर बसलो होतो, मोठा फॉन्ट केला की बटणंच पडद्याबाहेर जायची. कॉलेजांचा क्रम लावताना वरखाली सरकवायला लागतं, तिथं एका हाताने काम करणाऱ्याला घोळ होऊ शकतो. क्रम आधी कागदावर लिहा, मग भरा, प्रिंट काढा आणि मोठ्याने वाचून ताडून बघा. कॅप्चाची अक्षरं मला कधीच दिसली नाहीत, दर वेळी आईला हाक मारायचो. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा दिव्यांगांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरलाय, तो निकाल बँकांच्या केवायसीवरून होता. प्रवेशाच्या वेबसाइटपर्यंत तो कधी पोचतो बघू.

आणि एक, रागावू नका. लॉगिन, पासवर्ड, ओटीपी मुलीच्या हातात द्या. कॉलेजात गेल्यावर प्रश्नही तिला विचारू द्या. समोरचा तुमच्याकडे बघून बोलायला लागला तर तुम्ही सरळ तिच्याकडे बघा. माझे बाबा असंच करायचे. समोरच्याची फार पंचाईत होते, पण दुसऱ्या वाक्याला तो वळतो.

---

निवृत्त_मास्तर

वाहकसाहेब, मी पॉलिटेक्निकला शिकवायचो आणि प्रवेशाच्या दिवसांत फॅसिलिटेशन सेंटरच्या टेबलावर बसायचो. म्हणजे तुमचा कागद परत करणारा तो माणूस मीच, असं समजा. सविस्तर लिहितो.

ओबीसी का दिव्यांग? दोन्ही. जातीचं आरक्षण उभं आणि दिव्यांगांचं आडवं, ही मांडणी १९९२ च्या इंद्रा साहनी निकालापासून रुळलेली आहे. आडवं म्हणजे ते सगळ्या प्रवर्गांतून जातं. एक घेतल्याने दुसरं जात नाही. गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडा. त्यात पीडब्ल्यूडी-ओपन, पीडब्ल्यूडी-ओबीसी (पीडब्ल्यूडी म्हणजे दिव्यांग) असे वेगळे रकाने दिसतील, ते तुमचे. काही कॉलेजांसमोर ते रकाने रिकामे दिसतील. लोक घाबरतात, वाटतं जागाच नाही. बहुतेक वेळा अर्थ एवढाच की तिथं त्या प्रवर्गातून कुणी आलंच नाही. मग ती जागा पुढे इतरांना जाते आणि कॉलेज म्हणायला मोकळं, "आमच्याकडे मागणीच नसते हो." मागणी का नसते ते जिन्यापाशी उभं राहिलं की कळतं.

दिव्यांगांना पाच टक्के जागा, म्हणजे साठच्या तुकडीत तीन. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ३२. आधीच्या १९९५ च्या कायद्यात तीन टक्के होते. पण कलमातले शब्द नीट वाचा, ते सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांना लागू आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेज तुमच्या यादीत असेल तर त्याच्या यंदाच्या सीट मॅट्रिक्समध्ये (जागांच्या तक्त्यात) दिव्यांगांच्या किती जागा दाखवल्यात ते डोळ्यांनी बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. पात्रतेला बारावीचे गुणही दिव्यांग उमेदवाराला ४५ ऐवजी ४० टक्के लागतात, पण तुमच्या मुलीला ती गरज नाही.

कागद. सेंटरवरच्या माणसाशी कायद्यावर भांडू नका. त्याच्यासमोर माहितीपुस्तिका असते, तिच्यात प्रमाणपत्राचे नमुने असतात आणि वरून दट्ट्या असतो. त्यात २०२४ साली बनावट प्रमाणपत्रांवरून जो गाजावाजा झाला, तेव्हापासून टेबलावरचा प्रत्येक जण दुधाने तोंड पोळल्यासारखा वागतो. यूडीआयडी कार्ड आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत, पोर्टलवरून दोन्ही उतरवता येतात. दोन्ही न्या. पुस्तिकेत नमुना दिलेला असेल तर त्या नमुन्यातही सिव्हिल सर्जनकडून करून घ्या. टेबलावरचा माणूस टक्केवारी चाळीस किंवा वर आहे का, "कायमस्वरूपी" लिहिलंय का, मुदत संपलेली नाही ना, हे बघतो. तरीही परत केलं तर तोंडी घेऊ नका. त्रुटी तुमच्या लॉगिनला नोंदवा म्हणा. नोंदवायची म्हटलं की निम्म्या त्रुटी तिथल्या तिथे नाहीशा होतात, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने सांगतोय.

आता तुमचा खरा प्रश्न, कॉलेज कसं ओळखायचं. इथं जरा रेंगाळतो, कारण लोक राखीव जागेच्या मागे धावतात आणि मुलं गळतात ती इथं.

जाण्याआधी घरी बसून एक काम करा. कॉलेजच्या वेबसाइटवर नॅकचा (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) स्वयंमूल्यमापन अहवाल असतो. त्यात सातव्या निकषात दिव्यांगांच्या सोयींचा मुद्दा असतो. रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह, पाट्या, लेखनिक, सगळ्याचे जागेच्या नोंदीसकट फोटो लावावे लागतात. ते फोटो मोबाइलमध्ये घ्या आणि कॉलेजात जाऊन तीच जागा शोधा. एका ठिकाणी मला फोटोतल्या रॅम्पवर झेरॉक्सची टपरी सापडली होती. एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्राची संस्था, तिच्या मान्यतेच्या अटींतही अडथळामुक्त इमारत आणि वेगळं स्वच्छतागृह येतं. म्हणजे किल्ली मागताना तुम्ही उपकार मागत नाही, कॉलेजने कागदावर जे आहे म्हणून सांगितलंय ते बघायला मागताय.

रॅम्पला टेप लावा. एकाला बारा हे प्रमाण. तीन पायऱ्या, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर चढ असेल तर रॅम्प जवळजवळ साडेपाच मीटर लांब हवा. बहुतेक ठिकाणी दोन मीटरची घसरगुंडी असते, फीत कापायला बांधलेली. तिच्यावरून खुर्ची ढकलणारा माणूसही धापा टाकतो.

मग प्राचार्यांना ई-मेल करा. "सोयी आहेत का?" असं विचारू नका, "आहेत" असंच उत्तर येतं. एका दिवसाचा रस्ता विचारा. पहिल्या वर्षाचे वर्ग कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर? केमिस्ट्रीची लॅब कुठे? कॉम्प्युटर विभाग कितव्या मजल्यावर (बहुधा वरच असतो, का ते देव जाणे)? लिफ्ट विद्यार्थिनीला वापरता येईल का, वीज गेली तर? परीक्षा कुठे होते? हॉस्टेलला तळमजल्याची खोली मिळेल का आणि तिथल्या बाथरूमचं दार व्हीलचेअर जाईल एवढं, ९० सेंटिमीटरचं आहे का? आणि सर्वात महत्त्वाचं, तिच्या तुकडीचे वर्ग तळमजल्यावर लावता येतील का?

हा शेवटचा प्रश्न नीट विचारा. लिफ्टला लाखो लागतात, निविदा लागते, वर्ष जातं. वर्ग खाली आणायला टाइमटेबल करणाऱ्या प्राध्यापकाचा एक तास लागतो. मी आमच्याकडे हे करून घेतलंय. सुरुवातीला कुरकुर झाली, कारण तळमजल्यावरच्या खोल्यांत पंखे जुने होते. पंखे बदलले, सगळ्यांचीच सोय झाली.

कायद्यात ह्याला वाजवी सोय म्हणतात आणि ती नाकारणं हा भेदभावाच्या व्याख्येतच बसतो. ई-मेलमध्ये एवढं एक वाक्य असू द्या, जास्त कलमं नकोत. उत्तर आलंच नाही तर तेही उत्तरच. सरकारी कॉलेज असेल तर कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, त्याचं नाव विचारा. त्यावरही हललं नाही तर दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, अर्ज साध्या कागदावर चालतो. पण हे भांडण प्रवेशाच्या आठवड्यात नका काढू, तेव्हा आधी जागा पदरात पाडून घ्या.

अवांतर: एआयसीटीईची सक्षम शिष्यवृत्ती बघा. वर्षाला ५० हजार, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत.

---

फाउंड्री_वाला

मास्तर, सगळं मान्य, पण एक कटू बोलतो. मी पहिल्या वर्षाचं वर्कशॉप घेतो. ब्रँच कॉम्प्युटर असली तरी सुतारकाम, फिटिंग, वेल्डिंग सगळ्यांना असतं. ज्या मुलीचा उजवा हात चालत नाही तिला मी करवत देऊ का? उद्या बोट गेलं तर चौकशी माझी. प्रवेश देताना कुणी विचारत नाही, निस्तरायचं आम्ही. मग त्या मुलीला फुकटचे मार्क द्यायचे आणि बाकीच्यांनी घाम गाळायचा, ह्याला न्याय म्हणायचं?

---

नाशिकची_आई

फाउंड्रीवाले सर, प्रश्न विचारलात हे बरं केलंत. बाकीचे मनात ठेवतात आणि तोंडी परीक्षेत काढतात.

माझ्या मुलाच्या बोटांच्या सांध्यांना त्रास आहे. प्रमाणपत्रावर २५ टक्के. म्हणजे राखीव जागा नाही, कारण त्याला किमान ४० लागतात. पण पानभर लिहिलं की बोटं आखडतात. शाळेने आधी लेखनिक नाकारला, "चाळीसच्या खाली आहे" म्हणून. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लेखनिकासाठी चाळीसची अट लावता येत नाही, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने तशा सूचनाही काढल्या. ते छापून नेलं तेव्हा मिळाला. चाळीसच्या खालची मुलं ना इकडची ना तिकडची, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

वाहकदादा, लेखनिकाचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं. २०१८ च्या सूचनांत होतं की आपला लेखनिक आणला तर तो एक पायरी खालच्या शिक्षणाचा हवा. कॉपी होऊ नये म्हणून असेल, पण गणिताच्या पेपरला त्याचा अर्थ काय होतो ते तुम्ही लिहिलंच आहे. परीक्षा घेणाऱ्यांनी लेखनिकांची यादी ठेवावी हेही त्याच सूचनांत होतं. आम्ही मागितली तर आमच्याकडेच बघत राहिले.

---

निवृत्त_मास्तर

फाउंड्रीवाले, करवत देऊ नका. कुणी मागितलीय?

वर्कशॉपमध्ये आपण काय तपासतो? ड्रॉइंग वाचता येतं का, माप घेता येतं का, कामाचा क्रम कळतो का, चूक कुठे झाली ते ओळखता येतं का. एकट्याने कानस घासणं ह्यातलं एक आहे, सगळं नाही. माझ्याकडे एका हाताचा मुलगा होता. जॉबची आखणी, व्हर्निअरने मोजणी, क्रमाचा तक्ता त्याचा, घासणं जोडीदाराचं. तोंडी परीक्षा त्याचीच जास्त कडक घेतली. मार्क फुकटचे नव्हते. विभागाच्या बैठकीत ठराव करून विद्यापीठाला कळवलं, म्हणजे चौकशीची भीतीही उरली नाही. तुमच्याकडे स्वायत्त कॉलेज असेल तर आणखी सोपं.

मेडिकलला हाच वाद कोर्टात झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ठरावीक टक्केवारीच्या वर अपंगत्व आहे एवढ्यावरून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही. ह्या विद्यार्थ्याला हा अभ्यासक्रम जमेल का, हे मंडळाने तपासून कारणांसह लिहायला हवं. त्याच महिन्यात स्नायूंचा आजार असलेल्या, ८८ टक्के अपंगत्वाच्या विद्यार्थ्यालाही प्रवेश मिळाला. डॉक्टरकीला हे चालतं तर सुतारकामाचं काय घेऊन बसलात?

---

फाउंड्री_वाला

ठराव करून कळवण्याची बाब मला माहीत नव्हती. आमच्याकडे तोंडीच "सांभाळून घ्या" असं सांगतात आणि तिथंच घोळ होतो. पण सर, एका तुकडीला एकच प्रशिक्षक असतो आणि मुलं वीसच्या वर. जोडीदार पद्धत लावली तरी लक्ष द्यायला माणूस हवाच, हे माझं म्हणणं कायम आहे.

---

वाहक_बार्शी

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमच्या प्रश्नांची ई-मेल मुलीने स्वतः लिहिली, पाच कॉलेजांना पाठवली. तिघांची उत्तरं आली. एकाने माहितीपत्रक जोडलं, दुसरं काही नाही. एकाने लिहिलं की मुलांचे आणि मुलींचे हॉस्टेल वेगळे आहे (!). तिसऱ्याने मात्र इमारतीचा नकाशा पाठवला, वर्ग खाली लावू असं लिहून दिलं आणि कळवलं की केमिस्ट्री लॅब पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, त्यावर विचार करत आहोत. मला तेच खरं वाटलं. ते सोलापुरात आहे, घरापासून जवळ. तेच एक नंबरला टाकावं असं माझं मत झालंय.

---

वाहक_बार्शी

बाबांच्या लॉगिनवरून मी लिहितेय, त्यांना सांगून.

एक नंबरला सोलापूर नाही, पुण्यातलं टाकायचं आहे. ज्यांनी नुसतं माहितीपत्रक जोडलं तेच. बाबांना रॅम्प दिसतो, मला तिथली कोडिंगची टीम दिसते. गेल्या वर्षीचा पीडब्ल्यूडी-ओबीसीचा आकडा बघितला, लागण्यासारखं आहे. फोन करून विचारलं, दोनदा "काय?" म्हणाले, तिसऱ्यांदा समजलं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहेत, लिफ्ट चालू आहे, विद्यार्थ्यांनाही खुली आहे. हॉस्टेलचं बाथरूम मात्र अरुंद आहे, तिथं अडलंय. आई पहिलं वर्ष सोबत खोली घेऊन राहायला तयार आहे, बाबा अजून नाहीत. सोलापूर दोन नंबरला.

वर्कशॉपवाले सर, मला डाव्या हाताने मोजपट्टी धरता येते. करवत नको.

तिसरी_ओळ, एक विचारायचं होतं. मी डाव्या हाताने टाइप करते, वेग कमी आहे. थिअरीला जादा वेळ मिळतो ते माहीत आहे. प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकल परीक्षेला मिळतो का?

---

तिसरी_ओळ

आमच्याकडे मिळतो, थिअरीसारखाच, तासाला वीस मिनिटं. पण आपोआप नाही. सेमिस्टर सुरू झालं की पहिल्या पंधरवड्यात परीक्षा विभागात अर्ज दे, विभागप्रमुखांना फक्त प्रत. उलटं केलंस तर अर्ज त्यांच्या टेबलावर पडून राहतो. पोच घे, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेव आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले की सुरू होण्याआधीच दाखव. शेवटच्या बॅचमध्ये नाव टाकायला सांग, म्हणजे तुझ्यानंतर लॅब कुणाला लागत नाही आणि कुणी उठवायला येत नाही. स्टिकी कीज चालू करून घेतेस ना? नसशील तर आजच कर, एका हाताने कंट्रोल-शिफ्टची कसरत वाचते. बाथरूमचं हॉस्टेलच्या रेक्टरांना विचार, प्राचार्यांना नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करून घेतलं तरी बरीच जागा होते.